दोन सिलिंडर म्हणजे शहाणपण आणि एक सिलिंडर म्हणजे पोरखेळ? सेकंडहँड स्पोर्ट्स बाईक निवडण्यावरून

चेनलूब:

परवा ‘पहिलीच गाडी’ या सदस्याने विचारले होते की, पुण्यात नोकरी आहे, रोजचे येणे-जाणे वीस-पंचवीस किलोमीटर आहे, महिन्यातून एखादा घाट किंवा कोकणाची फेरी होईल आणि पावणेदोन लाखांच्या आत सेकंडहँड स्पोर्ट्स बाईक घ्यायची आहे. तर २०१५ ची कावासाकी निंजा ३००, २०१८ ची केटीएम आरसी ३९० आणि २०१९ ची टीव्हीएस अपाचे आरआर ३१० यांपैकी कोणती घ्यावी. त्यावर ‘जोडसिलिंडर’ यांनी निकालच देऊन टाकला. दोन सिलिंडरची गाडी घ्या, म्हणजे निंजाच घ्या. एक सिलिंडरची स्पोर्ट्स बाईक म्हणजे फेअरिंग (बाहेरचे प्लास्टिकचे कवच) चढवलेला पोरखेळ. आणि सेकंडहँड आरसी ३९० घेणारा आधीच्या मालकाच्या मस्तीचे बिल भरतो. या निकालाला मिळालेली वाहवा पाहून राहवले नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

निंजाचे २९६ सीसीचे इंजिन ३९ पीएस ताकद देते हे खरे, पण ते मिनिटाला ११,००० फेऱ्यांवर, आणि तिचा २७ एनएम टॉर्क, म्हणजे ओढण्याचा जोर, १०,००० फेऱ्यांवर. आरसीचे ३७३ सीसीचे एकटे सिलिंडर ४३ पीएसच्या पुढे जाते आणि त्याचा ३५-३६ एनएम टॉर्क सात हजारांच्या आसपासच हाती येतो. ज्या माणसाला रोज सकाळी चांदणी चौक ते हिंजवडी हे अंतर दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरमध्ये कापायचे आहे, त्याच्या नशिबी ११,००० फेऱ्या येणार कधी? मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला प्रवेश नाही. उरला ताम्हिणी, वरंधा, आंबेनळी. तेथे वळणातून बाहेर पडताना जो जोर लागतो तो मधल्या फेऱ्यांवरचा असतो, आणि तो नसेल तर दर वळणाला गिअर पाडत बसावे लागते.

दुसरी गोष्ट वयाची. २०१५ ची निंजा बहुधा हौसेने घेतलेली, रविवारी काढलेली आणि पुढे लग्न, मूल, परदेशातली नोकरी या क्रमाने पार्किंगमध्ये झाकून ठेवलेली असते. मीटरवर १४,००० किलोमीटर पाहून घेणारा हरखतो. पण उभ्या गाडीचे फोर्कसील (पुढच्या सस्पेन्शनची सीले) सुकतात, टायर कडक होतात, कूलंट आणि ब्रेक ऑइल वर्षानुवर्षे तेच राहते, आणि इथेनॉल मिसळलेले पेट्रोल हवेतला ओलावा धरत असल्याने अर्ध्या टाकीवर दोन पावसाळे उभ्या राहिलेल्या गाडीची टाकी आतून काय झाली असेल, हे झाकण उघडून टॉर्च मारल्याशिवाय कळत नाही. त्यातून बजाज आणि कावासाकी यांची भागीदारी एप्रिल २०१७ मध्ये संपली आणि विक्री-सेवेचे जाळे बदलले. त्यामुळे २०१५ च्या गाडीचा सर्व्हिसचा सलग इतिहास एका ठिकाणी मिळेल, ही अपेक्षाच ठेवू नये.

तिसरी गोष्ट, जिचा ‘जोडसिलिंडर’ यांच्या उत्तरात उल्लेखही नाही. भारतात निंजा ३०० ला एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक अडकू न देणारी यंत्रणा, मिळाले ते २०१८ मध्ये. म्हणजे २०१५ ची निंजा ही एबीएस नसलेली निंजा आहे. आरसी ३९० ला ते २०१४ पासून आहे, आरआर ३१० ला डिसेंबर २०१७ मध्ये ती बाजारात आली त्या दिवसापासून. पहिल्यांदाच मोठी गाडी घेणाऱ्याला हे न सांगता ‘दोनच सिलिंडर’ असा मंत्र देणे मला बेजबाबदारपणाचे वाटते.

आरसीचे अवगुण मी झाकत नाही. टाकी जेमतेम १० लिटरची, क्लिप-ऑन (हँडलचे दोन तुकडे) खाली असल्याने मनगटे भरून येतात, सिग्नलला इंजिनची धग मांड्यांना लागते. पण हे सगळे टेस्ट राइडच्या पहिल्या अर्ध्या तासात समजते. उभ्या राहिलेल्या गाडीचे दुखणे सहा महिन्यांनी समजते.

जोडसिलिंडर:

माझ्या दहा ओळींच्या उत्तरावर आपण एवढा निबंध लिहिलात, याबद्दल आभारी आहे. आकडे बरोबर आहेत. परंतु आकडे चालवता येत नाहीत, गाडी चालवावी लागते. पुण्याहून निघून साताऱ्याच्या पुढे ११० च्या वेगाने तासभर सलग चालवा आणि मग एक सिलिंडरच्या गाडीवरून उतरून हाताची बोटे मोजून पाहा. १७ लिटरची टाकी आणि दोन सिलिंडरचा गुळगुळीतपणा यांचे मोल कोल्हापूर ओलांडल्यावर कळते, चांदणी चौकात कळत नाही.

आणि मालकांचे म्हणाल, तर तोच माझा मुख्य मुद्दा होता आणि त्याला आपण बगल दिलीत. निंजा २०१३ मध्ये आली तेव्हा साडेतीन लाखांची होती. ती घेणारा बहुतेक वेळा पस्तिशीचा, स्वतःच्या पगारावर घेणारा माणूस असे. आरसी घेणारा कोण होता, हे कोणत्याही अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या फाटकासमोर उभे राहून पाहायचे. थंड इंजिन लाल रेषेपर्यंत ओरडवणे, एका चाकावर चालवणे, सायलेन्सर कापणे, पडली की फेअरिंग बदलून विकून टाकणे. चार वर्षांत तीन मालक झालेली गाडी मी फुकटही घेणार नाही. उभ्या राहिलेल्या गाडीला सील, टायर, कूलंट आणि ऑइल लागते. ते सगळे बाजारात मिळते. पिळून काढलेल्या इंजिनला काय लावणार?

एबीएसबद्दल एवढेच म्हणतो की, ज्याला ब्रेक लावता येतो त्याला त्याची उणीव भासत नाही. आमच्या पिढीने सगळे घाट त्याशिवायच पाहिले.

हप्ते फिटले:

मी विम्याच्या धंद्यात असल्याने माझे दुखणे वेगळे आहे. गाडी निवडताना लोक सिलिंडर मोजतात, सीसी मोजत नाहीत. जून २०२२ पासूनच्या थर्ड पार्टीच्या दरांत १५० ते ३५० सीसीच्या दुचाकीला वर्षाला १,३६६ रुपये पडतात आणि ३५० च्या वर २,८०४, जीएसटी वेगळा. म्हणजे ‘चेनलूब’ यांच्या लाडक्या आरसीला केवळ २३ सीसी जास्त असल्याबद्दल दरवर्षी १,४३८ रुपये जादा. अवगुणांच्या यादीत हा राहून गेला, म्हणून मी भर घातली.

खरी गंमत पुढेच आहे. विकणारा ऐटीत सांगतो, “पन्नास टक्के नो क्लेम बोनस आहे बरं का!” तो बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, त्याचा असतो, गाडीचा नसतो, गाडी नावावर झाली की तो विकणाऱ्याकडेच राहतो आणि घेणाऱ्याला फरकाचा हप्ता भरावा लागतो. गाडी नावावर झाल्यावर चौदा दिवसांच्या आत विमाही आपल्या नावावर करून घ्यावा. लोक टीटी फॉर्मवर (मालकी बदलण्याच्या अर्जावर) सह्या घेऊन सहा महिने फिरत राहतात आणि अपघात झाला की माझ्या टेबलासमोर येऊन रडतात. बँकेचा बोजा उतरल्याची नोंद, आधीच्या मालकाची थकलेली ई-चलने आणि १ एप्रिल २०१९ पूर्वीची गाडी असेल तर नवी सुरक्षा नंबर प्लेट बसली आहे की नाही, एवढे तरी टोकन देण्याआधी पाहत जा.

रेनकोट:

‘जोडसिलिंडर’ दादा, “ज्याला ब्रेक लावता येतो त्याला एबीएसची उणीव भासत नाही” हे वाक्य मी चार वेळा वाचले आणि चारही वेळा माझा उजवा खांदा दुखला.

जूनचा पहिला पाऊस होता. चिपळूणच्या अलीकडे परशुराम घाटातून उतरत होते, वेग चाळीसच्या आत होता, आणि मला ब्रेक लावता येत होता, कारण तेव्हा मी रोज गाडी चालवून काही वर्षे झाली होती. समोरच्या टेम्पोने वळणावरच वेग कमी केला, मी पुढचा ब्रेक दाबला आणि रस्त्यावर जमलेल्या तेलकट पाण्यावर पुढचे चाक अडकले. पुढचे चाक अडकल्यानंतर कौशल्य दाखवायला जो वेळ मिळतो, तो डोळे मिटायलाही पुरत नाही. हासडीचे हाड मोडले. गाडीचे नाव लिहीत नाही, कारण दोष गाडीचा नव्हता. तिच्यात एबीएस नव्हते आणि ते मला घेतानाच माहीत होते.

त्यानंतर मी सेकंडहँडच घेतली, पण एबीएस असलेलीच. माझी उंची पाच फूट तीन इंच आहे, त्यामुळे निंजाची ७८५ मिलिमीटरची सीट मला मनापासून आवडली होती आणि आरसीच्या ८२० वर माझे जेमतेम चवडे टेकत होते. तरीही मी चवडे टेकणे पत्करले. म्हणून सिलिंडरचा वाद आपण दोघे खुशाल घाला, पण पहिलीच मोठी गाडी घेणाऱ्या मुलाला “आमच्या पिढीने” असे काही सांगू नका.

जोडसिलिंडर:

ताई, आपल्या अपघाताबद्दल वाईट वाटते आणि हे मी केवळ औपचारिकता म्हणून लिहीत नाही. पण एका अपघातावरून नियम काढायचा तर मलाही काढता येईल. माझ्या मावसभावाच्या गाडीला एबीएस आहे. त्या भरवशावर तो पावसात इतक्या वेगाने जातो की त्याच्यामागे बसायला घरचे कोणी तयार नसते. यंत्र आहे म्हणून माणूस बेफिकीर होतो, हेही खरे आहे. पहिल्या पावसात पहिले दोन तास गाडी काढू नये, काढलीच तर मागचा ब्रेक आधी आणि पुढचा हळूहळू, हे शिकवणारे कोणी उरले नाही म्हणून आता सगळे त्या एका डब्यावर भिस्त ठेवतात.

चेनलूब:

आपला मावसभाऊ बेफिकीर आहे, हा एबीएसचा दोष कसा? १ एप्रिल २०१८ पासून नव्या मॉडेलना आणि १ एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या १२५ सीसीच्या वरच्या प्रत्येक नव्या दुचाकीला ते सक्तीचे झाले, तेही सगळ्या देशाला ब्रेक लावता येत नव्हता म्हणून का? अत्यंत कुशल माणूसही रस्त्यावर सांडलेले डिझेल आधी पाहू शकत नाही. आणि आपण ज्या घाटांचा हवाला देता, त्या घाटांत तेव्हा दर वळणाआड रविवारचे पर्यटक गाडी आडवी लावून कणीस खात नव्हते.

जुना पाना:

मी वीस वर्षे गॅरेजमध्ये काढली आहेत. दोन्ही बाजू ज्या गोष्टीवर भांडत आहेत ती सेकंडहँड गाडीत चालू आहे की नाही, हे कोणीच विचारले नाही. एबीएस आहे असे कागदावर असणे आणि एबीएस चालणे यांत पुष्कळ अंतर असते. चावी लावली की एबीएसचा दिवा पेटला पाहिजे आणि गाडी थोडी पुढे गेली की विझला पाहिजे. विझला नाही तर बिघाड आहे. पेटलाच नाही तर मामला अधिक वाईट आहे, कारण बिघाड लपवण्यासाठी कोणीतरी दिव्यालाच गप्प केलेले असते. पडलेल्या गाडीला दुसरीचे चाक बसवताना सेन्सरची रिंग वाकते, सेन्सरची वायर फेअरिंगखाली चिमटली जाते, आणि दोन वर्षांनी बदलायचे ब्रेक ऑइल सात वर्षे न बदलल्याने मॉड्युलेटर (एबीएसचा ब्रेकचा दाब सांभाळणारा भाग) आतून खराब होतो. तो बदलायचा खर्च ऐकून लोक म्हणतात, राहू दे, दिवा तेवढा बंद करून द्या. मी दिले नाहीत. पण देणारे पुष्कळ आहेत.

म्हणून रिकाम्या सरळ रस्त्यावर, कोरड्यात, तीसच्या वेगाने मागचा ब्रेक जोरात दाबून पाहावा. पायाखाली धडधड जाणवली तर एबीएस जिवंत आहे. चाक घसरत गेले तर आपण २०१५ च्या निंजापेक्षा जास्त पैसे मोजून तिच्याइतकेच ब्रेक विकत घेत आहात.

हे झाल्यावर हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून चेसिसवरचे स्टॉपर, म्हणजे हँडल जेथे अडते ते उंचवटे, पाहावेत. समोरून आदळलेल्या गाडीचे स्टॉपर चेपलेले असतात आणि ते रंगवून लपत नाहीत. क्लिप-ऑनची टोके, फूटरेस्टची टोके आणि लिव्हर एकाच बाजूची नवी दिसली तर गाडी त्या बाजूला पडली आहे. टायरवर शेवटच्या चार अंकांत आठवडा आणि वर्ष छापलेले असते: ‘२३१९’ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. मीटरवर आठ हजार किलोमीटर असलेल्या २०१५ च्या गाडीला २०१९ चे टायर असतील तर एकतर पहिले टायर पंक्चरवाल्याने खाल्ले किंवा मीटर कोणीतरी मागे फिरवला.

श्टुटगार्टकर:

येथे जर्मनीत दर दोन वर्षांनी प्रत्येक मोटारसायकलची तांत्रिक तपासणी होते आणि ती उत्तीर्ण झाल्याचा शिक्का नंबर प्लेटवरच लागतो. ब्रेक, एबीएस, सायलेन्सरचा आवाज, चेसिस, सगळे पाहतात. सेकंडहँड घेणाऱ्याला फक्त तो शिक्का पाहावा लागतो. मी येथे ए-टू परवान्यावर, म्हणजे ३५ किलोवॉटच्या मर्यादेत, एक सिलिंडरचीच गाडी घेतली आणि मूळ प्रश्नकर्त्याच्या वापराला तीच योग्य आहे असे मला वाटते. आपल्याकडे खाजगी दुचाकीला पंधरा वर्षांपर्यंत कोणी विचारतही नाही, हे सगळ्या वादाचे मूळ आहे.

जोडसिलिंडर:

आता एवढेच उरले होते. साहेब, आपल्याकडे शिक्के असतील. आमच्याकडे ‘जुना पाना’ आहेत. मुलाला पुढच्या शनिवारी गाडी पाहायला जायचे आहे आणि तोपर्यंत जर्मनीचा कायदा महाराष्ट्रात लागू होण्याची चिन्हे नाहीत.

शांतता राखा:

सायलेन्सर तपासणारा देश जगात कोठेतरी आहे हे वाचून बरे वाटले. माझा आपल्या सिलिंडरांशी काही संबंध नाही. मी ठाण्यात घोडबंदर रोडला लागून असलेल्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहतो आणि रात्री साडेअकराला खालून जाणाऱ्या गाडीला एक सिलिंडर आहे की दोन, हे मला अंथरुणातून ओळखता येऊ लागले आहे. सेकंडहँड घेणाऱ्यांना माझी एकच विनंती आहे: ज्या गाडीचा मूळ सायलेन्सर विकणाऱ्याकडे नाही, ती घेऊ नका. नैतिकतेसाठी नव्हे, मूळ सायलेन्सर नव्याने घ्यायला काय पडते ते विचारा आणि किमतीतून तेवढे कापा. माझी झोप त्यात आपोआप वाचेल.

होसूरप्रेमी:

प्रश्नात तीन गाड्या होत्या आणि तिसरीचे नाव ‘चेनलूब’ यांनी एकदा घेतल्यावर कोणालाच आठवलेले नाही, याची नोंद करतो. आरआर ३१० चे ३१२ सीसीचे इंजिन बीएमडब्ल्यूबरोबरच्या भागीदारीतले आहे, ते ३४ पीएस देते, एबीएस दोन्ही चाकांना आहे, विमा १५० ते ३५० च्या गटात बसतो आणि क्लिप-ऑन इतके खाली नाहीत की मनगटांना शिक्षा व्हावी. सुरुवातीच्या गाड्यांत ठरावीक फेऱ्यांवर कंप जाणवतो, हे मान्य. मे २०१९ पासून तिला स्लिपर क्लच (गिअर झटकन पाडताना मागचे चाक अडकू न देणारा) आला, म्हणून २०१९ ची गाडी असेल तर वर्ष पाहून थांबू नका, उत्पादनाचा महिनाही पाहा. एवढे बोलून मी खाली बसतो. येथे ज्याला दोन शत्रू हवेत त्याला मधला माणूस चालत नाही.

चेनलूब:

‘होसूरप्रेमी’ यांचे म्हणणे रास्त आहे आणि कागदावर पाहिले तर या प्रश्नकर्त्यासाठी तीच गाडी सर्वांत कमी डोकेदुखीची ठरेल, असे मी दात-ओठ खात लिहितो.

मात्र आता दुसरी एक गोष्ट विचारणे भाग आहे. कालच एका जाहिरातीत २०१५ ची हिरवी निंजा ३००, पुणे पासिंग, पहिला मालक, मागणी १ लाख ६० हजार, अशी गाडी पाहिली. वर्णनातले “दोन सिलिंडरचा गुळगुळीतपणा कोल्हापूर ओलांडल्यावर कळतो” हे वाक्य कोठेतरी वाचल्यासारखे वाटले. ‘जोडसिलिंडर’, ती गाडी आपली आहे का? असेल तर प्रश्नकर्त्याला निंजाच घे असे सांगताना, माझ्याकडची घे, एवढे शब्द जोडायला हरकत नव्हती.

जोडसिलिंडर:

होय, माझीच आहे. मी पहिला मालक आहे, सगळे कागद आहेत, बोजा नाही, एकही चलन थकलेले नाही. दहा वर्षे सांभाळलेल्या गाडीबद्दल दोन चांगले शब्द बोलणे गुन्हा असेल तर मी गुन्हेगार आहे. मी त्या मुलाला माझी गाडी घे असे म्हटलेले नाही. निंजा घे असे म्हटले. बाजारात आणखी निंजा आहेत. आणि आपण जाहिरातींतली वाक्ये तपासत बसता, यावरून आपल्या गाडीला किती गिऱ्हाईक येते याचा अंदाज येतो.

रेनकोट:

म्हणजे “ज्याला ब्रेक लावता येतो” हे तत्त्वज्ञान नव्हते, विक्रीचे वाक्य होते. आता खांदा दुखायचा थांबला.

जोडसिलिंडर:

ताई, ते वाक्य मी गाडी विकायला काढण्यापूर्वीही म्हणत होतो आणि विकल्यानंतरही म्हणणार आहे.

हप्ते फिटले:

किमतीचा विषय निघालाच आहे तर माझे आणखी एक रडगाणे ऐका. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि त्यापुढच्या दुचाकी ४० टक्क्यांत गेल्या. नवी निंजा ३०० त्यामुळे स्वस्त झाली आणि तीही एबीएससह. मग दहा वर्षे जुन्या, एबीएस नसलेल्या निंजाचा भाव करकपातीच्या आधी होता तोच का राहावा? उलट ३७३ सीसीच्या जुन्या गाड्यांचे मालक नव्या गाडीवरचा वाढलेला कर दाखवून अडून बसले आहेत. दोन्हीकडचे विकणारे आपापल्या सोयीचा अर्धाच कर सांगतात.

शिवाय नोव्हेंबर २०२४ मध्ये ऑस्ट्रियात केटीएम दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली तेव्हा आरसीवाले घाबरून गाड्या काढत होते. चाकणमध्ये बनणाऱ्या गाडीचे सुटे भाग ऑस्ट्रियाहून येत असल्याच्या समजुतीने. आता बजाजने कंपनीचा ताबा घेतल्यावर तेच लोक छाती काढून भाव सांगतात.

चेनलूब:

सुट्या भागांचा मुद्दा मांडल्याबद्दल धन्यवाद. साताऱ्यात किंवा सांगलीत गाडी बंद पडली तर आरसीचा क्लच केबल किंवा ब्रेक पॅड जिल्ह्याच्या गावी मिळण्याची शक्यता निंजापेक्षा जास्त आहे, कारण कावासाकीची सेवाकेंद्रे मोठ्या शहरांबाहेर मोजकी आहेत. हे ‘जोडसिलिंडर’ यांना कोल्हापूर ओलांडल्यावर नक्कीच कळले असणार.

जोडसिलिंडर:

कळले. दहा वर्षांत एकदा कळले. दोन दिवस पार्सलची वाट पाहिली आणि तांबडा-पांढरा खाल्ला. आपले समाधान झाले का?

जुना पाना:

दोघेही पुरे करा. शेवटचा सल्ला देतो. कोणतीही असो, गाडी पाहायला सकाळी जा आणि विकणाऱ्याला आदल्या रात्रीच सांगून ठेवा की इंजिन सुरू करून ठेवू नका. थंड इंजिनला हात लावून पाहा, मगच सुरू करा. आरसी असेल तर रेडिएटरचा पंखा चालू होईपर्यंत जागेवर सुरू ठेवा आणि तो चालू झाल्यावर मीटरवरचे तापमान खाली येते का पाहा. निंजा असेल तर थंड असताना दोन्ही सिलिंडर एकसारखे धरतात का ऐका. बरीच वर्षे उभी राहिलेली गाडी सुरुवातीला एका पायाने लंगडते. विकणारा आधीच इंजिन गरम करून ठेवत असेल तर किमतीची बोलणी न करता परत या.

पहिलीच गाडी:

सर्वांचे आभार. मूळ प्रश्न विचारला तेव्हा एवढे रामायण होईल असे वाटले नव्हते. मी तीनही गाड्या पाहणार आहे. आरसीच्या मालकाने फोनवर सांगितले की मूळ सायलेन्सर गावी आहे, त्यामुळे ती यादीत शेवटी गेली. आरआर रविवारी पाहतो. उत्पादनाचा महिना विचारला आहे. ‘जोडसिलिंडर’ काका, शनिवारी सकाळी आठ वाजता आपली निंजा पाहायला आलो तर चालेल का? इंजिन थंड ठेवाल ना? आणि एबीएस नसल्याचे व टायर जुने असतील तर त्यांचे किती कमी कराल?

जोडसिलिंडर:

आठ वाजता या, चहा घेऊन मग पाहू. इंजिन थंडच मिळेल. पाना, टॉर्च आणि वाटल्यास ‘जुना पाना’ यांनाही सोबत आणा. टायर २०१८ चे आहेत, त्यांचे पैसे मागितले नसते तरी वजा केले असते. एबीएसचा मात्र एक रुपयाही कमी होणार नाही, कारण जी वस्तू गाडीत कधीच नव्हती तिचे पैसे मी किमतीत धरलेलेच नाहीत.

चेनलूब:

मग जाहिरातीतली १ लाख ६० हजार ही नेमकी कोणत्या निंजाची किंमत आहे?